दुसऱ्या बल्बला करंट कमी मिळतो का? वीज आणि परिपथ, शाळकरी मुलांसाठी

कृष्णाकाठ

आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. धाराविद्युत आलं की सूत्रांच्या आधी मी फळ्यावर एक आकृती काढते: दोन सेल आणि त्यांना एकसर जोडलेले दोन सारखे बल्ब. जास्त उजेड कोणता बल्ब देईल, एवढाच प्रश्न. व्याख्या तोंडपाठ असलेली मुलंसुद्धा बहुतेक वेळा "पहिला" म्हणतात. का, तर पहिला बल्ब थोडा करंट खातो आणि उरलेला पुढे जातो.

गणितं सोडवून ही समजूत जात नाही. विभवांतराला रोधाने भागून मुलं बरोबर उत्तर काढतात, पूर्ण गुण मिळवतात, आणि तरीही करंट वाटेत वापरला जातो असंच मानतात. पुढे घरातलं वायरिंग, फ्यूज, अर्थिंग यांतलं काहीच मग नीट बसत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की धारा संपत नाही हे स्वतः मोजून पटल्याशिवाय पुढे सरकू नये, अभ्यासक्रम दोन तास मागे पडला तरी चालेल.

मी सुरुवातीला मुलाच्या हातात एक सेल, टॉर्चचा एक बल्ब आणि वायरचा एकच तुकडा देते. होल्डर नाही, स्विच नाही. बल्ब पेटवून दाखव म्हणते. बराच वेळ पेटत नाही, कारण मुलांच्या लेखी बल्बला एकच टोक असतं, खालचं. मग भिंगातून बल्ब बघायला लावते. तंतूचं एक टोक बुडाच्या ठिपक्याला पोचतं, दुसरं बाजूच्या आट्यांच्या पत्र्याला, आणि दोघांच्या मध्ये दुर्वाहकाचा काळा थर असतो. हे दिसलं की वायर आपोआप आट्यांवर जाते. जाण्याची वाट, परतीची वाट, आणि बल्ब हा त्या वाटेचाच एक तुकडा, हे तेव्हा कळतं.

त्यानंतर दोन सेल, दोन बल्ब एकसर आणि ॲमीटर. ॲमीटर तीन ठिकाणी लावायचा: सेलच्या धन टोकाजवळ, दोन बल्बांच्या मध्ये आणि ऋण टोकाजवळ. लावण्याआधी प्रत्येकाने आपापला अंदाज वहीत लिहायचा, हे फार महत्त्वाचं. अडीच व्होल्ट, ०.३ अँपिअरचे बल्ब असले तर तिन्ही ठिकाणी एकच आकडा येतो, ०.२ च्या थोडा वर. दोन्ही बल्ब सारखेच मंद. अदलाबदल केली तरी तसेच.

मग तेच बल्ब समांतर. आता दोन्ही पूर्ण तेजाने पेटतात, प्रत्येक फांदीत ०.३ च्या आसपास आणि सेलजवळ जवळपास ०.६ अँपिअर. सेल काही ठरावीक धारा देत नाही हे इथे दिसतं. सेल देतो विभवांतर. धारा किती वाहायची ते समोर काय आणि कसं जोडलंय यावर ठरतं.

इथे इंजिनिअर, वायरमन, पालक सगळेच आहेत. भर घाला. मुलांनी बिनधास्त प्रश्न विचारावेत.

दहावी_ब

मॅडम, जेवढी धारा गेली तेवढीच परत आली, तर मग बल्ब कशावर पेटतो? आणि लाईट बिल कशाचं येतं?

उपकेंद्र

हा प्रश्न पडला म्हणजे निम्मा धडा कळला. परत येतो तो विद्युतप्रभार. बल्बमध्ये खर्च होते ती ऊर्जा. एक व्होल्ट म्हणजे एका कूलोम प्रभारामागे एक ज्यूल ऊर्जा. तीन व्होल्टच्या तुमच्या परिपथात प्रत्येक कूलोमला सेलकडून तीन ज्यूल मिळतात. दोन सारखे बल्ब असतील तर दीड ज्यूल पहिल्यात जातो, दीड दुसऱ्यात, आणि कूलोम पूर्णच्या पूर्ण सेलकडे परततो. तिथे सेलमधली रासायनिक अभिक्रिया त्याला पुन्हा तीन ज्यूल देते. सेल संपला असं आपण म्हणतो तेव्हा त्यातला प्रभार संपलेला नसतो. जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड यांची अभिक्रिया थकलेली असते.

परिपथाच्या एका फेरीत मिळालेलं आणि खर्च झालेलं सारखं भरतं, हा नियम गुस्टाफ किरखॉफने १८४५ मध्ये मांडला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता आणि विद्यापीठात शिकत होता. मुलांना हे आवर्जून सांगा.

बिल ऊर्जेचं. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजे १००० वॅट गुणिले ३६०० सेकंद, म्हणजे ३६ लाख ज्यूल. ९ वॅटचा एलईडी बल्ब १११ तास जळला तर एक युनिट होतं. २००० वॅटचा गीझर तेच युनिट अर्ध्या तासात संपवतो. पोरांनो, घरातल्या प्रत्येक उपकरणामागची पट्टी वाचा आणि हा हिशेब एकदा वहीत करा. बिलावरचा युनिटचा आकडा कुठून आला ते कुणाला विचारावं लागणार नाही.

आईची_वही

माझी मुलगी सातवीत आहे. बटण दाबताच दिवा लागतो, म्हणजे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने पळत असणार, असं तिचं म्हणणं. मलाही शाळेत असंच वाटायचं. खरं काय आहे?

उपकेंद्र

खरं ऐकून ती चकित होईल. तांब्याची एक चौरस मिलिमीटर जाडीची तार घ्या आणि तीतून एक अँपिअर धारा जाऊ द्या. इलेक्ट्रॉनांचा पुढे सरकण्याचा वेग येतो सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर. एक मीटर अंतर कापायला त्यांना पावणेचार तास लागतील. एक अँपिअरला दर सेकंदाला सुमारे ६.२४ गुणिले १० चा १८ वा घात इतके इलेक्ट्रॉन पुढे जावे लागतात. तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन इतके दाटीवाटीने असतात की या संथ चालीनेही तेवढी संख्या भरते.

मग दिवा लगेच का लागतो? सायकलची चेन बघा. पेडल मारलं की मागचं चाक लगेच फिरतं. पुढची कडी मागे पोचायची वाट बघावी लागत नाही, कारण कड्या आधीपासून सगळीकडे आहेत आणि सगळ्या एकदम हलतात. चेन खर्चही होत नाही, पायाचा जोर तेवढा चाकाला मिळतो. तारेतले इलेक्ट्रॉन असेच आधीपासून जागेवर असतात, तंतूतसुद्धा. खटका दाबला की विद्युतक्षेत्र तारेच्या कडेने सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास वेगाने पसरतं आणि सगळीकडचे इलेक्ट्रॉन जवळपास एकाच वेळी हलू लागतात.

घरातला पुरवठा तर प्रत्यावर्ती, ५० हर्ट्झचा. त्यात इलेक्ट्रॉन कुठे जातच नाहीत. वर दिलेल्या तारेत ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरात पुढेमागे होत राहतात. कोयनेच्या वीजघरातला इलेक्ट्रॉन आपल्या दिव्यापर्यंत कधीच येत नाही, ऊर्जा मात्र येते.

आईची_वही

हे तिला वाचून दाखवलं. चेनचं लगेच पटलं. आता तिचा पुढचा प्रश्न: इलेक्ट्रॉन ऋणाकडून धनाकडे जातात, मग पुस्तकात बाण उलटा का?

कृष्णाकाठ

बाणाची दिशा आधी ठरली, इलेक्ट्रॉन नंतर सापडला. धन आणि ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिनच्या काळापासूनची, अठराव्या शतकातली. जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन ओळखला तो १८९७ मध्ये. तोवर ओहम, किरखॉफ, सगळ्यांचं काम धनाकडून ऋणाकडे हा बाण धरून झालेलं होतं. हिशेब दोन्ही दिशांनी तेच उत्तर देतो, म्हणून बाण तसाच ठेवला. तिला म्हणावं, बाण ही सर्वांनी मानलेली दिशा आहे. परीक्षेत तीच काढायची.

देवगडकर

एकसर जोडणीचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे गणपतीच्या मखराची जुनी माळ. त्यातले बल्ब जेमतेम ६ व्होल्टचे असायचे. ४० बल्ब एकसर जोडले की २४० व्होल्ट होतात, म्हणून ती माळ थेट भिंतीच्या बोर्डात चालायची. एक बल्ब गेला की अख्खी माळ विझायची आणि आमचे काका एकेक बल्ब काढून बघत बसायचे. ती माळ अजून कपाटात आहे.

वायरमन_काका

देवगडकर, तशी माळ मुलांच्या हातात देऊ नका. बल्ब सहा व्होल्टचा असला तरी होल्डर उघडा पडला तर तिथे २३० व्होल्टचा फेज असू शकतो. माळ विझलेली असतानाही.

कृष्णाकाठ मॅडम, तुम्ही बोलावलंत म्हणून लिहितो. घरातलं वायरिंग सगळं समांतर असतं. त्यामुळे प्रत्येक उपकरणाला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात आणि पंखा बंद केला म्हणून दिवा विझत नाही. तीन तारा येतात: फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. घराच्या वायरिंगमध्ये साधारण फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी. मिक्सर-इस्त्रीच्या कॉर्डमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग. प्लगच्या समोर उभं राहिलं तर उजवं भोक फेजचं, डावं न्यूट्रलचं आणि वरचं मोठं अर्थिंगचं.

खटका नेहमी फेजवर पाहिजे. न्यूट्रलवर टाकला तरी दिवा लागतो आणि विझतो, तिथे फरक कळत नाही. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये फेज तसाच थांबलेला असतो. बल्ब बदलायला हात लावला की शॉक. बरेच अपघात असे होतात. फ्यूज आणि एमसीबी (धारा जास्त झाली की आपोआप पडणारा खटका) हेसुद्धा याच कारणाने फेजवर.

तीन पिनांच्या टॉपमध्ये वरची पिन लांब आणि जाड असते. लांब यासाठी की टॉप घालताना आधी अर्थिंग जोडलं जावं आणि काढताना शेवटी सुटावं. जाड यासाठी की ती चुकून फेजच्या भोकात जाऊ नये. इस्त्रीच्या आत फेजची तार सुटून पत्र्याला टेकली तर अर्थिंगच्या वाटेला रोध फार कमी, म्हणून धारा एकदम वाढते आणि फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर तो पत्रा नुसता फेज होऊन बसतो, कुणी हात लावायची वाट बघत. खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरून अधूनमधून पाणी घालायला आम्ही सांगतो, ते जमिनीचा रोध कमी राहावा म्हणून. अर्थिंगची पिन मोडून टॉप वापरणाऱ्यांना हात जोडून सांगतो, करू नका.

गणिताची_आवड

कृष्णाकाठ मॅडम, तुमच्या आकड्यात मला एक गोष्ट जुळत नाही. एका बल्बात ०.३ अँपिअर. दोन एकसर म्हणजे रोध दुप्पट, तर धारा निम्मी, ०.१५ यायला हवी. तुम्ही ०.२ च्या वर लिहिलंय. ओहमचा नियम इथे मोडतो का?

कृष्णाकाठ

आकडा बरोबर आहे आणि शंकाही बरोबर जागी आहे. नियमाच्या आधी एक अट असते, जी मुलं घाईत सोडून देतात: वाहकाची भौतिक स्थिती कायम असताना. बल्बचा तंतू टंगस्टनचा. पूर्ण उजेडात तो अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, आणि धातू तापला की त्याचा रोध वाढतो. एकसर जोडणीत दोन्ही तंतू मंद, म्हणजे कमी तापलेले, म्हणजे प्रत्येकाचा रोध आधीपेक्षा कमी. म्हणून एकूण रोध दुप्पट होत नाही आणि धारा निम्म्याहून जास्त राहते.

घरी जुना १०० वॅटचा बल्ब पडला असेल तर होल्डरमधून काढलेला, थंड बल्ब मल्टिमीटरने मोजा. साधारण ३५ ते ४० ओहम दिसतील. आता २३० व्होल्टवर १०० वॅट, यावरून हिशेब करा: २३० चा वर्ग भागिले १००, म्हणजे ५२९ ओहम. तोच तंतू, थंड आणि तापलेला. दहापटीहून जास्त फरक. जुने बल्ब नेमके खटका दाबताना का जायचे, याचं कारण यातच आहे. त्या पहिल्या क्षणी रोध सर्वांत कमी आणि धारा सर्वांत जास्त असते.

नियम स्वच्छ दिसायला हवा असेल तर बल्बऐवजी नायक्रोमची तार किंवा कार्बनचा रोध घ्या. गेऑर्ग ओहम स्वतः शाळेत शिकवायचा, जर्मनीतल्या कलोन शहरात. त्याची सुरुवातीची अडचण तारेची नव्हती, सेलची होती. तेव्हाचे सेल धारा सुरू होताच मंदावत. म्हणून त्याने सेल बाजूला ठेवले आणि बिस्मथ-तांब्याची जोडी घेतली, एक सांधा बर्फात, दुसरा उकळत्या पाण्यात. तापमानातला फरक कायम, म्हणून विभवांतर कायम. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडत गेला. पुस्तक आलं १८२७ मध्ये. त्याच्या देशात फारशी दखल घेतली गेली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कोप्ली पदक दिलं. काय बदलायचं आणि काय स्थिर ठेवायचं, हे त्याच्या प्रयोगातून जितकं शिकता येतं तितकं सूत्रातून येत नाही. मी दरवर्षी हे सांगते आणि मुलं कान देऊन ऐकतात.

दहावी_ब

सरांनी विचारलेला प्रश्न: ६० वॅट आणि १०० वॅटचे बल्ब एकसर जोडले तर जास्त कोण उजळेल? वर्गात भांडणं झाली. 

गणिताची_आवड

६० वॅटचा. वॅट म्हणजे बल्बच्या अंगचा कायमचा गुण नव्हे, पूर्ण २३० व्होल्ट मिळाले तर काय होईल ते छापलेलं असतं. ६० वॅटचा रोध ८८२ ओहम, १०० वॅटचा ५२९. एकसर जोडणीत दोघांतून धारा एकच, ०.१६ अँपिअर. उष्णता धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणून रोध जास्त त्याला जास्त: २३ वॅट आणि १४ वॅटच्या आसपास. मॅडमनी वर सांगितलं तसं १०० वॅटचा तंतू अजूनच थंड राहतो, म्हणजे प्रत्यक्षात फरक याहून मोठा दिसेल.

वायरमन_काका

हिशेब कागदावर करा. २३० व्होल्टवर जोडून बघायचं नाही.

मुलुंड_जलद

धारेचा वर्ग गुणिले रोध, यावरून रेल्वेचं उदाहरण देतो, मुंबईच्या मुलांना रोज दिसणारं. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला धावली, १५०० व्होल्ट दिष्ट विजेवर. नंतर उपनगरी मार्ग टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती विजेवर आणले, ते काम २०१६ मध्ये संपलं. समजा एका गाडीला ३० लाख वॅट लागतात. १५०० व्होल्टवर धारा लागेल २००० अँपिअर. २५,००० वर फक्त १२०. धारा सुमारे १७ पट कमी, म्हणजे तेवढ्याच रोधाच्या तारेत वाया जाणारी उष्णता जवळजवळ २८० पट कमी. दिष्ट विजेच्या काळात उपकेंद्रं जवळजवळ का लागायची ते यावरून कळेल.

उपकेंद्र

उत्तम उदाहरण. चंद्रपूरहून पडघ्याला येणारी वाहिनी आणखी वरची: अधिक ५०० आणि उणे ५०० किलोव्होल्ट, अंतर साडेसातशे किलोमीटर, क्षमता १५०० मेगावॅट. दोन तारांमधलं विभवांतर दहा लाख व्होल्ट, म्हणून एवढी शक्ती १५०० अँपिअरमध्ये येते.

पण हाच वर्ग घरात उलटा भोवतो. गीझरच्या प्लगमध्ये एखादा स्क्रू ढिला झाला आणि त्या सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला असं धरा. २००० वॅटला धारा ८.७ अँपिअर. तिचा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे ३८ वॅट उष्णता एका ठिपक्याएवढ्या जागेत. २५ वॅटच्या सोल्डरिंगने कथील वितळतं, तर इथे प्लास्टिकचं काय होईल? आणि एमसीबी उडणार नाही, कारण धारा मर्यादेतच आहे. प्लग गरम लागतो किंवा काळा पडतो, तेव्हा लगेच वायरमनला बोलवायचं.

साध्या प्लगची मर्यादा ६ अँपिअर, म्हणजे १३८० वॅट. त्यावर एक्स्टेन्शन बोर्ड लावून १५०० वॅटची किटली आणि १००० वॅटची इस्त्री एकत्र चालवली तर ११ अँपिअर होतात. भोकं मोकळी आहेत म्हणून वीज मोकळी आहे असं नाही.

आईची_वही

सेलला दोन्ही बोटं लावली तर काही होत नाही आणि भिंतीतल्या विजेने माणूस दगावतो. मुलांना भीती न घालता कसं सांगायचं?

वायरमन_काका

ताई, आकडे सांगा. इजा करते ती अंगातून जाणारी धारा. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर. १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडून हातातली तार सोडवत नाही, आणि हे त्याच्या वीस पट आहे. दीड व्होल्टच्या सेलने त्याच ओल्या अंगातून दीड मिलिअँपिअर जाईल, आणि कोरड्या हाताने तर त्याहून कितीतरी कमी.

म्हणून घरात आरसीसीबी बसवा, ३० मिलिअँपिअरचा. तो कसा चालतो ते मॅडमनी सुरुवातीला जे सांगितलं त्यावरच आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच लोखंडी कड्यातून जातात. गेलेली धारा आणि परतलेली धारा सारखी असली की दोघींचं चुंबकत्व एकमेकांना पुसतं. कुणाला शॉक बसला म्हणजे थोडी धारा त्या माणसाच्या अंगातून जमिनीत गेली. न्यूट्रलने तेवढी कमी परतली. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या तीस-शतांश भागाच्या आत पुरवठा तोडतो. साध्या एमसीबीला हे कळत नाही, तो फक्त जास्त धारा बघतो. दोन्ही पाहिजेत. आणि आरसीसीबीवरचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघायचं.

कृष्णाकाठ

काका, हे मी उद्याच वर्गात सांगणार आहे. गेली तेवढी परत आली पाहिजे, हा नियम यंत्र सतत तपासत असतं आणि त्यावर माणसाचा जीव वाचतो, याहून चांगलं कारण मला मुलांना देता आलं नसतं.

प्रदर्शन_आठवडा

तातडीने मदत हवी. मुलाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चार लिंबांत जस्ताचा मुलामा दिलेले खिळे आणि तांब्याच्या तारा खोचल्या. मल्टिमीटर साडेतीन व्होल्ट दाखवतो, पण टॉर्चचा बल्ब पेटत नाही. बल्ब बदलून पाहिला.

उपकेंद्र

बल्ब चांगला आहे. एका लिंबाचं विभवांतर सुमारे ०.९ व्होल्ट, ते तुमच्या मीटरशी जुळतं. पण प्रत्येक लिंबाचा स्वतःचा आतला रोध हजार ओहम किंवा त्याहून जास्त. चार एकसर म्हणजे चार हजार. साडेतीन भागिले चार हजार, म्हणजे एक मिलिअँपिअरसुद्धा नाही. बल्बला ३०० लागतात. लाल एलईडी लावा: त्याला १.८ व्होल्ट आणि अर्धा मिलिअँपिअर मिळाला तरी अंधारात दिसतो. लांब पाय तांब्याच्या बाजूला, उलटा लावला तर लागणार नाही.

परीक्षकांनी ऊर्जा कुठून आली विचारलं तर मुलाने लिंबातून असं सांगू नये. जस्त विरघळताना ती मिळते. लिंबाचा आम्ल रस आयनांना वाहून न्यायचं काम करतो. प्रयोग झाल्यावर ती लिंबं सरबताला वापरू नका.

प्रदर्शन_आठवडा

एलईडी लागला! खोलीत अंधार करावा लागला, पण स्पष्ट दिसतो. मनापासून आभार.

दहावी_ब

मॅडम, तीन ठिकाणी ॲमीटर लावून पाहिला. तिन्हीकडे ०.२२ आला. माझ्या मित्राने लिहिलेले अंदाज ०.३, ०.२ आणि ०.१ होते, तो आता मानतो.

मग एक वेगळं करून बघितलं. त्याच परिपथात ॲमीटरच्या जागी मुद्दाम व्होल्टमीटर लावला, तसाच एकसर. दोन्ही बल्ब विझले, पण व्होल्टमीटर पूर्ण ३ व्होल्ट दाखवत राहिला. बल्ब वाटेत असताना सगळे व्होल्ट मीटरलाच कसे मिळाले?

वायरमन_काका

बेटा, हेच आम्हाला घरोघरी दिसतं. न्यूट्रल कुठेतरी तुटला की घरातला एकही दिवा लागत नाही, पण टेस्टर प्लगच्या दोन्ही भोकांत पेटतो. लोक म्हणतात दोन फेज आले. एकच फेज असतो, तो चालू ठेवलेल्या दिव्यातून न्यूट्रलच्या तारेवर येऊन थांबतो. म्हणून दिवा बंद आहे यावरून तार मेलेली आहे असं कधी धरायचं नाही.

कृष्णाकाठ

काकांनी सांगितलं तेच तुझ्या टेबलावर झालं. डिजिटल व्होल्टमीटरचा रोध साधारण एक कोटी ओहम असतो. तो वाटेत आला की धारा उरते ३ भागिले एक कोटी, एका मायक्रोअँपिअरच्या तिसऱ्या भागाएवढी. थंड बल्बचा रोध एखाददोन ओहम. विभवांतर म्हणजे धारा गुणिले रोध, तर बल्बच्या दोन टोकांत पडणारा फरक मोजता येणार नाही इतका लहान. धाराच जवळपास नाही, म्हणून बल्बमध्ये ऊर्जा खर्च होत नाही आणि सगळे ३ व्होल्ट मीटरच्या दोन टोकांवर येतात. घरात तुटलेल्या न्यूट्रलची फट त्या मीटरच्या जागी धर, दिवा बल्बच्या जागी.

याच्या उलट, ॲमीटर कधीही सेलच्या दोन टोकांना थेट लावू नकोस. त्याचा रोध जवळपास शून्य असतो, धारा एकदम वाढते आणि मीटरच्या आतला फ्यूज उडतो. उद्या शाळेत येताना तुझी वही आण. तिन्ही बिंदूंचे विभवांतराचे आकडे आपण एका बल्बपासून सुरू करून पुन्हा घेऊ, आणि या वेळी मीटर समांतर लावू.